एका दिवसाची सहल : आपल्याच जिल्ह्यांत

गेल्या वर्षीं आम्हीं इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस ‘मीं पाहिलेलें एक स्थळ’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. वह्या तपासावयास बसलों तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, निम्म्याहून अधिक मुलांनीं न पाहिलेल्या स्थळांचींच वर्णनें केलीं आहेत. कोणी ताजमहालाविषयीं लिहिलें होतें, कोणी मुंबईच्या समुद्राविषयीं. आणि एकानें तर इंग्लंडांतील एका खेड्याविषयीं दोन पानें भरलीं होतीं. हिरव्या टेकड्या, ओढ्यावरील दगडी पूल, जुनें चर्च व त्याच्या आवारांतील जुनीं थडगीं, असें सारें त्यांत होतें. त्याचे कोणी आप्त तिकडे राहतात; त्यांनीं पाठविलेल्या छायाचित्रांवरून त्यानें हें लिहिलें. भाषा शुद्ध होती, अक्षरही चांगलें होतें. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, “बाळ, तूं दर सुट्टींत आजोळीं जातोस. तेथील कांहीं कां लिहिलें नाहींस?” तो निरागसपणें म्हणाला, “सर, हिंगोली जिल्ह्यांत पाहण्यासारखें आहे काय?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं, हें कबूल करणें प्राप्त आहे. औंढ्याच्या रस्त्यानें आम्ही शेंकडों वेळां गेलों असूं. पण मोटारींतून उतरून देऊळ असें कधीं पाहिलें नव्हतें. याचें कारण केवळ आळस नव्हे. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले व मिशनच्या वस्तिगृहाच्या आश्रयानें गांवाबाहेर पडले. त्यांचे धाकटे बंधु गांवींच राहिले व माळकरी झाले. तेव्हांपासून दोन्ही घरांचें येणेंजाणें लग्नापुरतें व मरणापुरतेंच उरलें होतें. त्या घरचे आमचे एक वडील बंधु आहेत. नातें दूरचें, तरी आम्ही त्यांस दादाच म्हणतों. त्यांचा निरोप आला, “मास्तर, हळद शिजायला लागलीय. लेकरं घेऊन या दोन दिवस.” विद्यार्थ्याचा प्रश्न मनांत ताजा होता. जोडून सुट्टी आली होती. आम्ही सहकुटुंब निघालों. त्या मुक्कामांतील एका दिवसांत आम्हीं जें पाहिलें, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम जिल्ह्याविषयीं दोन शब्द. हिंगोली जिल्हा वयानें लहान आहे. १ मे १९९९ रोजीं तो परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पांच तालुके होत. उत्तरेच्या अंगास पैनगंगा, मधून कयाधू व दक्षिणेकडे पूर्णा अशा तीन नद्यांनीं हा मुलूख वांटून घेतला आहे. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला. जिल्हा नवा असला तरी भूमि जुनी आहे. पायांखालचा काळा दगड हा सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे.

आम्ही पोंचलों तेव्हां सायंकाळ झाली होती व सगळ्या शिवारांत हळदीचा वास दरवळत होता. हळद आपण रोज खातों, पण ती घरांत येण्यापूर्वीं तिचें काय काय होतें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पावसाळ्याच्या आरंभीं लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनीं, पाला वाळला म्हणजे, खणून काढतात. ओली हळकुंडें तशींच उन्हांत टाकलीं तर तीं लवकर वाळत नाहींत व त्यांचा रंगही सारखा राहत नाहीं. म्हणून तीं आधीं शिजवावीं लागतात. पूर्वीं मोठ्या कढईंत पाणी घालून हळद उकळीत. आतां बॉयलरमध्यें वाफ करून ती हळदीनें भरलेल्या पिंपांत सोडतात. शिजल्यानें हळकुंडांतील पिठूळ भाग घट्ट बसतो व रंग आंतपर्यंत सारखा पसरतो. नंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन द्यावयाचें, आणि शेवटीं फिरत्या पिंपांत घोळून वरची खरबरीत साल काढावयाची. मग ती पिवळीधमक होऊन बाजारास जाते. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पूर्णेवर येलदरी व तिच्या खालीं सिद्धेश्वर अशीं दोन धरणें १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं. त्यांच्या कालव्यांच्या पाण्यानें या भागाच्या शेतीस मोठा आधार दिला. वहिनींनीं आमच्या मुलीच्या हातावर एक गरम हळकुंड ठेवलें. तिच्या तळहाताचा पिवळा डाग पुढें चार दिवस गेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटेस उठून आम्ही औंढ्यास गेलों. महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच संपली होती, त्यामुळें गर्दी बेताची होती. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं नागनाथाचें स्थान तें हेंच, अशी महाराष्ट्रांतील भाविकांची श्रद्धा आहे. गुजराथेंत द्वारकेजवळचें नागेश्वर व हिमालयांत अल्मोड्याकडील जागेश्वर यांचेही भक्त तोच मान आपापल्या देवस्थानास देतात. धर्मराजानें हें देऊळ बांधिलें अशी लोककथा आहे. परंतु सध्यां जें शिल्प दिसतें तें जाणते लोक यादवकाळचें, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुमाराचें मानतात.

विद्यार्थ्यांनो, जुनें देऊळ पाहावयाचें असेल तर पुस्तक वाचतात तसें तें वाचावें, आणि तेंही खालून वर. औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग काळ्या घडीव दगडाचा आहे व त्यावर हत्ती, देवदेवता, नर्तकी व दशावतार यांचीं शिल्पें ओळीनें कोरलीं आहेत. असल्या बांधणीस आपण हेमाडपंती म्हणतों. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा प्रधान हेमाद्रि, त्याच्या नांवावरून हें नांव पडलें. या पद्धतींत चुना वापरीत नाहींत. दगड असे नेमके घडवावयाचे, खांचेंत खांच अशी बसवावयाची, कीं त्यांच्याच भारानें ते एकमेकांस धरून राहतील. आतां मान वर करा. शिखराचा भाग विटाचुन्याचा व अगदीं निराळ्या धाटणीचा आहे. एकाच इमारतीला दोन शतकांचे हात लागले आहेत, हें सांगावयास कोणी वाटाड्या नको. औरंगजेबाच्या काळीं वरचा भाग पाडला गेला व पुढें अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केला, असें परंपरा सांगते. गाभारा भुईच्या पातळीखालीं आहे. अरुंद पायऱ्यांनीं, एका वेळीं एकच माणूस जाईल अशा वाटेनें, वांकून खालीं उतरावें लागतें.

आमच्या धाकट्यानें विचारलें, “नंदी कोठें आहे?” शंकराच्या देवळांत नंदी समोर असावयाचा; येथें तो मागच्या बाजूस आहे. त्याचें कारण लोक असें सांगतात : नामदेव महाराज आपल्या सोबत्यांसह येथें येऊन देवासमोर कीर्तन करूं लागले. पुजाऱ्यांस तें रुचलें नाहीं. ‘तुम्ही येथें वाट अडवितां, मागें जा,’ असें म्हणून त्यांनीं त्यांस उठविलें. नामदेव शांतपणें देवळाच्या मागें जाऊन बसले व तेथें त्यांनीं कीर्तन आरंभिलें. तेव्हां देऊळच फिरलें आणि देव नामदेवाकडे तोंड करून उभा राहिला. नंदी मात्र जेथें होता तेथेंच राहिला.

“सर्व देऊळ खरेंच फिरलें का?” असें धाकट्यानें विचारलें. आम्हीं त्यास म्हटलें, “दगडाचें देऊळ फिरलें कीं नाहीं, हें पाहावयास आपण नव्हतों. पण सातशें वर्षें लोक ही गोष्ट कां सांगत आले, तें मात्र विचारून पाहा. ज्याला मागें घालविलें त्याच्याकडे देव वळतो, हें गरिबांस सांगावयाचें होतें.” आमच्या शास्त्रांतही प्रभु येशू ज्यांच्या पंक्तीस बसला ते बहुतेक मागें घालविलेलेच लोक होते, हें त्याला आम्हीं तेथेंच सांगितलें.

याच स्थळाशीं दुसरी एक आख्यायिका जोडलेली आहे. नामदेवास गुरु नाहीं, म्हणून संतमंडळींत त्यांची परीक्षा झाली व गोरोबाकाकांनीं त्यांस कच्चें मडकें ठरविलें, ही गोष्ट तुम्हांस ठाऊक असेल. गुरूच्या शोधांत नामदेव येथें आले, तों विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, ‘मी म्हातारा झालों, जेथें देव नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव.’ नामदेवांनीं पाय जेथें जेथें ठेविले तेथें तेथें पिंडी उत्पन्न झाली. तेव्हां देव एका जागेंत कोंडलेला नाहीं, हें त्यांस कळलें. ही कथा ऐकतांना आम्हांस याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्री आठवली. उपासना या डोंगरावर करावी कीं यरुशलेमांत, असा तिचा प्रश्न होता. आणि प्रभूनें तिला जें उत्तर दिलें तें मुलांनीं योहानाच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायांत काढून वाचावें.

दादा आम्हांस म्हणाले, “मास्तर, गाभाऱ्यात येता का? पायऱ्या जरा अरुंद हायेत.” आम्हीं म्हटलें, “दादा, तुम्ही या जाऊन. आम्ही येथें मागें बसतों.” त्यांनीं आग्रह केला नाहीं. “बसा. ही जागा बी चांगलीच हाय,” एवढें म्हणून ते गेले. परत आल्यावर ते आमच्याजवळ पायरीवर टेकले आणि बऱ्याच वेळानें बोलूं लागले.

“तुमचे आजोबा अन् माझे आजोबा,” ते म्हणाले, “दोघं भाऊ गावच्या देवळाबाहेर, ओट्याच्या खाली उभं राहून भजन ऐकायचे. आपल्याला वर चढायची सोय नव्हती. एक जण उठून तुमच्याकडं गेला, एक जण तिथंच उभा राहिला. माझा बाप म्हणायचा, थोरला गेला त्याचा राग नाही. पण जाताना सांगून गेला नाही.”

आम्ही कांहीं वेळ गप्प राहिलों. कारण आमच्या घरीं हीच गोष्ट निराळी सांगत असत. आजोबा सांगावयास गेले होते, परंतु धाकट्यानें दार उघडलें नाहीं, असें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें. आतां खरें काय तें सांगावयास दोघांपैकीं कोणीही उरलें नाहीं. आम्हीं दादांस आमच्या घरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “असं बी असंल. रात्रीचा आला असंल. म्हाताऱ्याला झोप लई गाढ होती.” आणि ते हंसले. आम्हांसही हंसूं आलें. पण डोळ्यांत पाणी होतें. दोन पिढ्या दोन्ही घरें आपापल्या गोष्टीचें दार लावून बसलीं होतीं, आणि तें उघडावयास एका सकाळीं पायरीवर बसणें पुरे झालें.

असो. तेथून आम्ही दुधाळ्याकडे निघालों. औंढ्याजवळच्या या लहानशा गांवाचें नांव आतां जगांतील शास्त्रज्ञांस ठाऊक आहे, कारण लायगो-इंडिया नांवाची प्रचंड वेधशाळा येथें उभी राहावयाची आहे. कामाच्या जागेंत परवानगीवांचून जातां येत नाहीं, म्हणून आम्हीं रस्त्यावरूनच तो माळ पाहिला. पाहण्यासारखें डोळ्यांस फारसें नाहीं. परंतु समजून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तें मुलांस जसें सांगितलें तसेंच येथें सांगतों.

तळ्यांत दगड टाकला म्हणजे पाण्यावर लाटा उठतात व कांठापर्यंत येतात. आइन्स्टाइन या शास्त्रज्ञानें १९१६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, आकाशांत फार जड वस्तु वेगानें फिरल्या किंवा एकमेकींवर आदळल्या तर खुद्द अवकाशांतच लाटा उठाव्या. यांस गुरुत्वीय तरंग म्हणतात. लाट येतांच एका दिशेचें अंतर किंचित् वाढतें व तिच्या आडव्या दिशेचें किंचित् घटतें. पुढच्या क्षणीं याच्या उलट होतें. हें ‘किंचित्’ इतकें सूक्ष्म आहे कीं चार किलोमीटरांच्या लांबींत फरक पडावयाचा तो अणूच्या गर्भांतील एका प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी! तो मोजावयाचा कसा?

त्यासाठीं काटकोनांत दोन लांब नळ्या घालतात. प्रत्येक चार किलोमीटर लांब, आंतील हवा काढून टाकलेली. दोन्ही नळ्या जेथें मिळतात तेथें लेसरच्या प्रकाशाचा एक किरण दुभंगून एकेक भाग एकेका नळींत सोडतात. टोकाशीं टांगलेल्या आरशांवरून ते परत येतात व पुन्हां एकत्र मिळतात. दोन्ही वाटांची लांबी अशी जुळवून ठेवतात कीं, परतलेले किरण एकमेकांस मारून टाकतील व बाहेर जवळजवळ अंधार राहील. गुरुत्वीय लाट आली कीं एक वाट लांबते, दुसरी आंखडते, जुळणी बिघडते, आणि अंधारांत प्रकाश दिसूं लागतो. तो प्रकाश म्हणजेच त्या लाटेचा निरोप.

असा पहिला निरोप १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन यंत्रांस मिळाला व ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं तो जगास जाहीर झाला. सूर्याच्या सुमारें ३६ पट व २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकमेकांत मिळालीं होतीं. आणि ही घटना सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूरची होती. म्हणजे ती लाट निघाली तेव्हां पृथ्वीवर मनुष्य तर नव्हताच, पण ज्याला आपण झाड म्हणूं असेंही कांहीं नव्हतें. या शोधाबद्दल वाइस, बॅरिश व थॉर्न यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या कार्यांत आपल्या लोकांचाही वांटा आहे. दोन कृष्णविवरें मिळाल्यावर तीं घंटेसारखीं कांहीं वेळ कशीं निनादावीं, याचा विचार सी. व्ही. विश्वेश्वरा यांनीं १९७० सालींच मांडला होता. आणि यंत्रांच्या गोंगाटांतून लाटेची खूण वेगळी काढण्याच्या रीतींवर पुण्याच्या आयुका संस्थेंत संजीव धुरंधर यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें.

मग दुधाळ्याचें प्रयोजन काय? डोळे मिटून टाळी कोणत्या बाजूस वाजली हें आपण सांगतों, कारण आवाज दोन कानांस निरनिराळ्या क्षणीं पोंचतो. अमेरिकेंतील दोन यंत्रांमध्यें सुमारें ३००० किलोमीटर अंतर आहे, आणि २०१५ ची लाट त्या दोहोंस सेकंदाच्या सुमारें सात हजारांश इतक्या फरकानें लागली. पण एवढ्यावरून ती आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागांतून आली, हें सांगतां येत नाहीं. इटलींत पिसा शहराजवळ व जपानांतही अशीं यंत्रें आहेत. त्यांत भारतांतील यंत्राची भर पडली म्हणजे ‘कान’ पृथ्वीवर दूरदूर पसरतील व दिशा पुष्कळ अधिक नेमकी कळेल. आतां ही जागाच कां, तें ऐका. येथील जमीन शांत आहे. समुद्राच्या लाटा, आगगाड्या, कारखाने यांचा हादरा जेथें कमी, अशीच जागा या यंत्रास लागते. केंद्र सरकारनें २०१६ सालीं या योजनेस तत्त्वतः व २०२३ सालीं अंतिम मान्यता दिली. खर्चाचा अंदाज २६०० कोटी रुपये असून २०३० पर्यंत काम पुरें करण्याचा संकल्प त्या वेळीं सांगण्यांत आला.

‘आमच्याकडे कांहीं घडत नाहीं’ अशी तक्रार आमचीं मुलें करितात. मुलांनो, कांहीं घडत नाहीं, गडबड नाहीं, याच गुणास्तव तुमचा माळ या यंत्रासाठीं पसंत केला गेला. एलिया संदेष्ट्यास देव वाऱ्यांत भेटला नाहीं, भूमिकंपांत नाहीं, अग्नींतही नाहीं. त्यानंतरच्या मंद वाणींत भेटला, ही गोष्ट आम्हांस त्या माळावर उभे असतां आठवली.

दुपारीं आम्ही सुमारें २५ किलोमीटरांवरील हिंगोलीस आलों. येथें एके काळीं निजामाच्या राज्यांतील कंटिंजंट फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानें ठगांविषयीं १८३९ सालीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत हिंगोलीची एक हकीकत आहे. छावणींत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. खुद्द टेलरचाही त्याच्याशीं व्यवहार झाला होता. पुढें उघडकीस आलें कीं, हाच गृहस्थ त्या भागांतील ठगांचा नायक होता. मुंबईहून दुसरा व्यापारी कापड घेऊन येत आहे असें कळतांच त्यानें तेवढ्याच मालाचा परवाना काढला, वाटेंत त्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांस ठार केलें, आणि तो माल छावणींत उजळ माथ्यानें विकला! आमच्या मुलीला ही गोष्ट साऱ्या दिवसांत अधिक आवडली. आम्हीं मात्र तिला एवढेंच सांगितलें कीं, माणूस दुकानावरून ओळखूं नये.

ऊन कलल्यावर कयाधूच्या कांठीं नर्सी येथें गेलों. नामदेवांचें जन्मस्थान कोणी पंढरपूर मानितात, तरी फार जुन्या परंपरेनें तो मान या गांवास आहे. म्हणून गांवाचें नांवच नर्सी नामदेव पडलें. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, हें त्यांचें जन्मवर्ष. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. त्यांच्याच घरीं वाढलेली जनाबाई स्वतः संत झाली. चोखामेळा मंगळवेढ्यास गांवकुसाच्या कामांत दडपून मरण पावला, तेव्हां त्याच्या अस्थि शोधून पंढरीस आणणारे नामदेवच होते, असें परंपरा सांगते. आषाढीची वारी करून परतणारे वारकरी पुढल्या एकादशीस येथें परतवारीसाठीं जमतात.

पण नामदेव येथेंच राहिले नाहींत, पंढरींतही राहिले नाहींत. ते पायीं उत्तरेस गेले, आणि पंजाबांत घुमान येथें त्यांनीं दीर्घकाळ वास केला. गुरु अर्जुनदेव यांनीं १६०४ सालीं शिखांचा धर्मग्रंथ संकलित केला. त्यांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. म्हणूनच शीख यात्रेकरूही श्रद्धेनें नर्सीस येतात. आणि म्हणूनच २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ८८ वें अधिवेशन घुमानला भरलें. कयाधूचें पाणी त्या दिवसांत बेताचेंच होतें. वाळूंत उभें राहून आम्हीं मुलांस विचारलें, “येथून पंजाब किती दूर?” धाकटा म्हणाला, “आगगाडीनें दोन दिवस.” दादा म्हणाले, “त्यांना चालायला लई वर्षं लागली असतील. पण बोली तिथं पोचली.” आमचे थोर ख्रिस्ती कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनींही संतांची हीच बोली आपल्या प्रभूच्या स्तुतीसाठीं उचलली, ही गोष्ट आम्हीं दादांस सांगितली. ती त्यांस नवी होती व फार आवडली.

रात्रीं घरीं आल्यावर मुलांनीं दिवसाचा हिशेब मांडला. फिरलों तें एका जिल्ह्याच्या आंत. परंतु सहा कोटी वर्षांचा दगड, सातशें वर्षांपूर्वींचा संत, दोनशें वर्षांपूर्वींचा चोर, आणि अजून उभी राहावयाची वेधशाळा, इतकें एका दिवसांत पदरांत पडलें. तर विद्यार्थ्यांनो, सुट्टींत आजोळीं अथवा मामा-काकांकडे जाल तेव्हां इतकें करा. एक वही बरोबर न्या. देऊळ, मशीद, चर्च, बारव, धरण, जें असेल तें खालून वर पाहा. ऐकलेली गोष्ट व घडलेली गोष्ट या दोहोंस वेगवेगळीं पानें ठेवा. दोन्ही लिहा, एकीसाठीं दुसरी पुसूं नका. आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ कांहीं वेळ मुकाट्यानें बसा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, ज्या आप्तांकडे जाणें बंद पडलें असेल त्यांच्याकडे मुलांस एकदां अवश्य न्यावें. कारण पुसल्यास कोणालाही नीट सांगतां येत नाहीं, अशीं कित्येक भांडणें मुलांच्या एका प्रश्नानें मिटतात.

गेल्या नाताळांत दादा व वहिनी आमच्या घरीं आलीं. आमच्या आजोबांच्या काळापासून त्या घरचें माणूस आमच्याकडे सणास आल्याची ही पहिलीच वेळ. दादांनीं येतांना पायली भर हळद आणली होती. उपासनेच्या वेळीं ते देवालयांत आमच्या मागच्या बाकावर बसले. आम्हीं त्यांस पुढें बोलाविलें, तेव्हां ते हळूच म्हणाले, “असू द्या मास्तर. मागं बसलं तरी चालतंय, हे आपण औंढ्याला बघितलंय.”

ज्या मुलानें आम्हांस तो प्रश्न विचारला, तो आतां दहावींत आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास एक वर्ष लागलें, याबद्दल त्यानें आम्हांस क्षमा करावी. त्याचें आजोळ सेनगांव तालुक्यांत आहे. तो भाग आम्हींही नीट पाहिलेला नाहीं. येत्या सुट्टींत त्यानें तो पाहून यावा. पुढल्या अंकांतील या विषयावरचा लेख त्यानें लिहावा, अशी आमची इच्छा आहे.